मॅनेजरचे कार्ड आणि काउंटरवरची रांग

काउंटर_सात
१८ नोव्हेंबर २०२३, रात्री ११:४०

नमस्कार. मी पिंपरी-चिंचवड भागातील एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये बिलिंग काउंटरवर काम करते. येत्या जानेवारीत या नोकरीला तीन वर्षे होतील. दुकानाचे नाव मी लिहिणार नाही, आणि कृपया कोणी विचारू नये.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळची, म्हणजे १० नोव्हेंबरची गोष्ट आहे. एका गृहस्थांनी सुकामेव्याची पेटी आणली. फळीवरच्या पट्टीवर तिची किंमत ५४९ रुपये होती आणि स्कॅन केल्यावर ६४९ आली. ऑफर आदल्या रात्री संपल्यामुळे सिस्टिममधून ती निघून गेली होती, पण फळीवरची पट्टी कोणी काढली नव्हती. आमच्याकडे कॅशियरला किंमत बदलता येत नाही. एवढेच काय, एकदा स्कॅन केलेली वस्तू बिलातून काढायची असली तरी मॅनेजरचे कार्ड स्वाइप करून त्यांचा पिन टाकावा लागतो. मी इंटरकॉमवर चार वेळा फोन केला, एकदा माइकवरून पुकारा केला आणि शेवटी ट्रॉल्या गोळा करणाऱ्या मुलाला आत पाठवले. तो परत येऊन म्हणाला, "सर फोटो पाठवतायत, पाच मिनिटं म्हणाले." दिवाळीच्या मांडणीचे ते फोटो एरिया मॅनेजरना हवे होते.

ती पाच मिनिटे बावीस मिनिटांची झाली. रांगेत चौदा ट्रॉल्या होत्या. त्या गृहस्थांच्या कडेवर लहान मुलगी होती आणि ती रडू लागली होती. ते माझ्यावर ओरडत होते, त्यांच्या मागच्या बाई त्यांच्यावर ओरडत होत्या, आणि मी प्रत्येकाला "सर येतच आहेत" असे सांगत होते. अखेर सर आले. त्यांनी कार्ड स्वाइप केले, शंभर रुपये कमी केले आणि गृहस्थांसमोरच मला म्हणाले, "एवढंसुद्धा हँडल होत नाही का तुला?" गृहस्थांनी त्यांचे आभार मानले. जाता जाता मला ऐकू जाईल असे म्हणाले, "बघा, सरांनी एका मिनिटात केलं."

त्या रात्री माझ्या गल्ल्यात ६४० रुपये कमी भरले. ते माझ्या पगारातून कापले जातील असे तोंडी सांगण्यात आले आहे.

माझा प्रश्न साधा आहे. हे वर कळवावे, की गप्प बसून दुसरी नोकरी शोधावी? की या कामात असेच असते आणि मीच मनाला लावून घेते आहे?

---

पायरीवरचा
१९ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

आमच्या दुकानातला मॅनेजर पिंडाला न शिवणाऱ्या कावळ्यासारखा आहे. सगळे हात जोडून वाट बघत बसतात, त्याची कोणती इच्छा राहिली आहे याचा अंदाज बांधतात, आणि तो समोरच्या झाडावर बसून मोबाइल बघत असतो.

---

मोगरा
१९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ताई, तुम्ही मनाला लावून घेत नाही आहात. मी ठाण्यातील एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात चार वर्षे होते. माझी तक्रार वेगळी असली तरी मूळ एकच आहे. ट्रायल रूमच्या बाहेर आम्हा मुलींसाठी एक स्टूल होते, आणि गर्दी नसताना आम्ही आळीपाळीने त्यावर पाच मिनिटे टेकत असू. नवीन मॅनेजर आले आणि पहिल्याच आठवड्यात ते स्टूल स्टोअर रूममध्ये गेले, कारण "बसलेला स्टाफ ग्राहकाला आळशी दिसतो". त्याच आठवड्यात एका सहकारी मुलीला सातवा महिना लागला होता. ती कपड्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसत असे आणि मॅनेजरांची चाहूल लागली की उठत असे. सांगायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "माझ्या हातात नाही, वरून आहे." हे "वरून" नेमके कोठून येते, ते चार वर्षांत मला कळले नाही.

---

जुना_वजनकाटा
१९ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मी नागपुरात नऊ वर्षे स्टोअर मॅनेजर होतो. आता ती नोकरी सोडून स्वतःचे वह्या-पुस्तकांचे दुकान चालवतो. येथे मार खाण्याची तयारी ठेवून लिहितो आहे.

तुमच्या मॅनेजरने ग्राहकासमोर तुम्हाला जे सुनावले ते अत्यंत चुकीचे होते. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण तो बावीस मिनिटे का आला नाही, हे मी सांगू शकतो.

सणाच्या दिवशी मॅनेजरच्या फोनवर पाच-सहा ग्रुप एकाच वेळी जागे असतात. एका ग्रुपवर दर तासाला विक्रीचा आकडा टाकायचा, दुसऱ्यावर मांडणीचे फोटो, तिसऱ्यावर हजेरी, चौथ्यावर कोणता माल संपला त्याची यादी. फोटो दहा मिनिटे उशिरा गेला, तर एरिया मॅनेजर सगळ्या शहरांतील मॅनेजरांसमोर तुमच्या दुकानाचे नाव घेऊन विचारतो. काउंटरवरची रांग मात्र त्या ग्रुपवर दिसत नाही. त्यामुळे माणूस नकळत जे दिसते तेच काम आधी करू लागतो. मीही तसेच केले आहे आणि त्याची लाज आजही वाटते.

दुसरी गोष्ट कार्डाची. तुम्हाला वाटते की कार्ड स्वाइप करणे म्हणजे एका सेकंदाचे काम आहे. आमच्याकडे प्रत्येक स्वाइपची नोंद मुख्यालयात जात असे, आणि महिनाअखेर ठराविक आकड्यापेक्षा जास्त नोंदी झाल्या की मला कारणे लिहून द्यावी लागत, कारण काउंटरवरची चोरी बहुतेक वेळा याच वाटेने होते: बिल करायचे, पैसे घ्यायचे आणि मग वस्तू बिलातून काढून टाकायची. म्हणून अनेक मॅनेजर कार्ड वापरायचे टाळतात. ग्राहक कंटाळून ती वस्तू तिथेच ठेवून निघून गेला, तर त्याची नोंद कोठेही होत नाही.

आणि माणसे. सणाला किती माणसे ठेवायची हे मी ठरवत नव्हतो. विक्रीच्या किती टक्के खर्च पगारावर करायचा याचा आकडा वरून येत असे. आठ काउंटर आणि पाच कॅशियर अशी दिवाळी मी तीनदा काढली आहे.

---

मोगरा
१९ नोव्हेंबर, सकाळी ११:१८

जुना_वजनकाटा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत, त्याबद्दल आदर आहे. पण मॅनेजरवर ताण होता म्हणून त्याने तो खालच्या माणसावर उतरवला, ही साखळी आमच्यापाशी येऊन संपते. कॅशियरने तो ताण कोणावर उतरवायचा, ट्रॉलीवाल्या मुलावर? शिवाय "एवढंसुद्धा हँडल होत नाही का" हे वाक्य ताणातून येत नाही. ग्राहकापुढे स्वतःला वाचवण्यासाठी ते हिशेबाने म्हटलेले असते. पट्टी न काढण्याची चूक दुकानाची होती आणि दुकानाची जबाबदारी मॅनेजरची होती. त्या एका वाक्यात ती चूक काउंटरवरच्या मुलीच्या नावे जमा झाली.

---

जुना_वजनकाटा
१९ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

मान्य आहे. हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितले नाही, तुम्ही एका परिच्छेदात सांगितलेत.

---

तांबडी_पिशवी
१९ नोव्हेंबर, दुपारी १:५५

मी तो गृहस्थ नाही, पण मी तसा गृहस्थ नक्की झालो आहे. गेल्या वर्षी तेलाच्या डब्यावरून मी एका कॅशियर मुलीला वाटेल ते बोललो. फळीवर एक किंमत आणि बिलात दुसरी, हे पाहिल्यावर ग्राहकाला फसवणुकीचाच वास येतो, आणि समोर दिसणारा एकच माणूस असतो. तिला काहीच करता येत नव्हते हे मला आज, हा धागा वाचून कळले. दुकानाने काउंटरवर एक पाटी लावली असती, की किंमत बदलण्याचा अधिकार कॅशियरला नाही, तर मी मॅनेजरच्या नावाने ओरडलो असतो.

---

पायरीवरचा
१९ नोव्हेंबर, दुपारी २:०१

ती पाटी लावायलाही मॅनेजरचे कार्ड लागते.

---

कंदी_सातारी
१९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:२०

आमचे साताऱ्यात तीन पिढ्यांचे किराणा दुकान होते. आजोबा गल्ल्यावर बसत. भाव कमी करायचा, उधारी लिहायची, खवट निघालेले शेंगदाणे परत घ्यायचे, हे सगळे निर्णय त्या गादीवर, ग्राहकाच्या डोळ्यांसमोर होत असत. निर्णय घेणारा माणूस आणि पैसे घेणारा माणूस एकच होता. आताच्या दुकानांत पैसे घेणारी मुलगी पुढे बसवली आहे आणि निर्णय मागच्या खोलीत नेऊन ठेवला आहे. हा सगळा घोटाळा त्या दोन जागांमधल्या अंतराचा आहे असे मला वाटते.

---

अंबरनाथकर
१९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४७

कंदी_सातारी, आजोबांबद्दल आदर ठेवून विचारतो: दुकानात पुड्या बांधणाऱ्या गड्यांना आठवड्याची सुट्टी किती मिळत असे? मी लहानपणी कल्याणमध्ये एका कापडाच्या पेढीवर कामाला होतो. शेठ समोरच बसत, निर्णय तत्काळ घेत आणि शिव्याही तत्काळच देत. हजेरीपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारी पडलो की त्या दिवसाचा पगार नाही. मागच्या खोलीतला मॅनेजर वाईट असेल, पण गादीवरच्या शेठपेक्षा त्याच्याविरुद्ध निदान कागद तरी करता येतो.

---

कंदी_सातारी
१९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१०

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे दुकानच सोमवारी बंद असे, त्यामुळे गड्यांना सुट्टी मिळत असे. भविष्य निर्वाह निधीचे नाव मात्र आजोबांनी ऐकले नसावे.

---

श्रमजीवी_वकील
२० नोव्हेंबर, सकाळी ९:२५

मूळ प्रश्नाकडे वळतो. मी कामगारांची प्रकरणे चालवतो. काउंटर_सात यांनी वर कळवावे की नाही, हे ठरवण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात.

महाराष्ट्रात दुकानांसाठी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा कायदा आहे, आणि आज, २०२३ मध्ये, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला तो पूर्णपणे लागू होतो. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, मर्यादेपलीकडच्या तासांना दुप्पट दराने वेतन आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, या तरतुदी आजच्या घडीला त्यात आहेत. सुट्टीच्या दिवशी बोलावले तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे असेल, तर त्यांची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था लागते. दिवाळीच्या आठवड्यातील तुमचे खरे तास एका कागदावर लिहून काढा. मॅनेजर मदतीला येत नाही ही तक्रार कायद्याच्या भाषेत मांडता येत नाही, पण तो आला नाही म्हणून तुमचे जेवण चार वाजता झाले, ही मांडता येते.

आता ६४० रुपयांविषयी. आज, २०२३ मध्ये, लागू असलेला वेतन प्रदान अधिनियम, १९३६ असे सांगतो की, हिशेब देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्या हातून पैसे गहाळ झाले, आणि ते थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झाले, तरच ती रक्कम वेतनातून कापता येते. आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणून दोन प्रश्न विचारतो. त्या रात्री तुमच्या गल्ल्याला तुमच्याशिवाय आणखी कोणाचा हात लागला होता का? आणि तुम्ही दुकानाच्या पगारपत्रकावर आहात की ठेकेदाराच्या?

---

काउंटर_सात
२० नोव्हेंबर, रात्री ११:५५

सर्वांचे मनापासून आभार. आजही घरी यायला उशीर झाला, म्हणून आता लिहिते आहे.

वकील साहेब, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नेमणूक झाली तेव्हा मी दुकानाच्या नावाचा टी-शर्ट घातला, त्यामुळे मी दुकानाची आहे असेच समजत होते. तुमचे वाचून मी भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यूएएन, म्हणजे माझ्या निधी खात्याचा क्रमांक, टाकून उघडले. त्यात आस्थापना म्हणून एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचे नाव आहे. तिचे कार्यालय कोठे आहे हेही मला माहीत नाही. त्यांचा एक माणूस महिन्याच्या सात तारखेला येतो आणि सह्या घेऊन जातो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे. त्या दिवशी मी दुपारी दोनला बसले ती रात्री आठपर्यंत उठले नाही. आठ वाजता स्वच्छतागृहात जायचे होते. नियमाप्रमाणे मी गल्ला बंद करून, लॉगआउट करून जायला हवे, आणि पुढच्या मुलीने स्वतःच्या लॉगिनने नवा गल्ला उघडायला हवा. नवा गल्ला उघडायला सुट्या पैशांची थैली लागते आणि ती मॅनेजरच्या कपाटात असते. सर तेव्हा लोडिंगच्या दारापाशी होते. म्हणून त्यांनीच फोनवरून सांगितले, की तिला तुझ्याच लॉगिनवर बसव, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. मी परत आले तेव्हा ती मुलगी पंचवीस मिनिटे बसलेली होती, आणि तिची काही चूक होती असे मी म्हणणार नाही. ती फक्त तीन आठवड्यांपूर्वी लागली आहे, रांग प्रचंड होती, आणि पाचशेच्या नोटेचे सुटे देताना हात चुकतो. पण हिशेब माझ्या नावावर आहे.

---

अंबरनाथकर
२१ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

दुपारी दोन ते रात्री आठ, एकदाही न उठता. हे वाक्य मी तीन वेळा वाचले.

---

श्रमजीवी_वकील
२१ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

मग त्या रकमेच्या कपातीला लेखी हरकत घ्यावी, असे माझे मत आहे. गल्ल्यावर दोघी बसल्या होत्या आणि ते मॅनेजरच्या सूचनेवरून झाले होते, हे त्या हरकतीत दोन वाक्यांत लिहा. त्या दुसऱ्या मुलीवर बोट ठेवू नका, त्याची गरजही नाही. सूचना फोनवरून आली होती, तेव्हा वेळ लिहा. हरकतीची एक प्रत ठेकेदाराच्या माणसाला द्या आणि एक दुकानाच्या मनुष्यबळ विभागाला ईमेलने पाठवा. आज, २०२३ मध्ये, कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० लागू असेल तेथे ठेकेदाराने वेतन दिले नाही किंवा कमी दिले, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे येथे दुकानावर, येते. म्हणून "तुम्ही आमच्या नाहीच" हे दुकानाचे उत्तर शेवटचे समजू नका.

---

निळी_वेल
२१ नोव्हेंबर, सकाळी ११:३६

मोगरा यांच्या स्टुलावरून आठवले. केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेत कापडाच्या आणि इतर दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी नेमका हाच लढा दिला होता. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पेण्कूट्टु नावाची संघटना उभी केली. सुरुवात स्वच्छतागृहाच्या मागणीपासून झाली, कारण दुकानांत बायकांसाठी ते नव्हतेच आणि म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नसत. मग मागणी बसण्याच्या हक्काची झाली. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायला सोय देणे मालकांवर बंधनकारक केले आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. मला यात लक्षात राहिली ती गोष्ट अशी, की या बायकांनी चांगला मॅनेजर मागितला नाही. त्यांनी खुर्ची मागितली.

---

वर्‍हाडी_पाहुणा
२१ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

मी शिक्षणासाठी जर्मनीत आहे आणि आठवड्यातून दोन दिवस एका सुपरमार्केटमध्ये काम करतो. येथे कॅशियर बसूनच काम करतात; उभा राहिलेला कॅशियर मी अजून पाहिलेला नाही. रविवारी दुकान बंद असते. आस्थापनेत किमान पाच कायम कर्मचारी असतील, तर त्यांना आपले कर्मचारी मंडळ निवडता येते, आणि कामाच्या वेळा ठरवताना त्या मंडळाची संमती लागते. म्हणजे मॅनेजरला मनात येईल तसे रोस्टर बदलता येत नाही.

पण स्वर्ग समजू नका. आमचा शाखाप्रमुख बाटल्या परत घेणारे यंत्र अडकले, की सिगारेट ओढायला मागच्या अंगणात जातो. मग ग्राहक माझ्याशी जलद जर्मनमध्ये भांडतात आणि मी अकोल्याच्या लयीत माफी मागतो.

---

सुटे_नाहीत
२१ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मी सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओततो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मी तक्रार केली होती. कोल्हापुरात, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात. आमचे मॅनेजर वॉरंटीचे भांडण घेऊन आलेला ग्राहक दारात दिसला, की बँकेत भरणा करायला निघत. मी एरिया मॅनेजरना ईमेल लिहिली. त्यांनी ती जशीच्या तशी मॅनेजरकडे पाठवली, आणि खाली लिहिले, "कृपया पाहावे."

मला कोणी काही बोलले नाही. फक्त माझी साप्ताहिक सुट्टी दर आठवड्याला वेगळ्या दिवशी पडू लागली, आणि ती आदल्या रात्री दहाला कळू लागली. मी एका महिन्यात तीनदा बंद करण्याची पाळी आणि दुसऱ्या सकाळी उघडण्याची पाळी अशी जोडून केली. मग मला गोदामात टाकले, जेथे विक्रीवरचा इन्सेंटिव्ह नाही. पाच महिन्यांनी मी स्वतःच राजीनामा दिला. कागदोपत्री माझ्यावर कोणताही अन्याय झालेला नाही.

---

मोगरा
२१ नोव्हेंबर, रात्री १०:२२

सुटे_नाहीत, हे वाचून बोलायला काही उरले नाही. आमच्याकडेही शिक्षेचे हत्यार रोस्टर हेच होते.

---

जुना_वजनकाटा
२२ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

सुटे_नाहीत यांनी लिहिलेले खोटे नाही. अशा ईमेल मलाही "कृपया पाहावे" असे लिहून आलेल्या आहेत. खरे सांगायचे तर ती पहिल्यांदा आली तेव्हा मला राग आला, की आपल्याला न सांगता वर का गेला. आपल्याला सांगायला तो तीनदा आला होता आणि आपण तीनदा "नंतर बोलू" म्हणालो होतो, हे त्या क्षणी आठवत नाही.

म्हणून काउंटर_सात, माझा सल्ला असा, की ईमेल मॅनेजरच्या स्वभावाविषयी लिहू नका. ती कार्डाविषयी लिहा. आमच्या दुकानात शेवटच्या दोन वर्षांत आम्ही एक व्यवस्था केली होती. ग्राहक सेवा कक्षातील ज्येष्ठ कॅशियरकडे दुसरे कार्ड ठेवले आणि त्याला दीडशे रुपयांपर्यंतचा फरक मंजूर करण्याची मर्यादा दिली. प्रत्येक वापर वहीत लिहायचा, सोबत फळीवरच्या पट्टीचा फोटो काढायचा, आणि रात्री मॅनेजरने वहीवर सही करायची. माझ्या नावावरचे स्वाइप कमी झाले, त्यामुळे मीही खूश, आणि रांग तुंबत नसे. तुम्ही हे सुचवले तर मॅनेजरला आपल्यावर हल्ला झाला असे वाटणार नाही. उलट तो स्वतःचीच कल्पना म्हणून वर सांगेल. सांगू द्या.

---

तांबडी_पिशवी
२२ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

म्हणजे ज्याने बावीस मिनिटे मुलीला लोकांच्या तोंडी दिले, त्याच्या अहंकाराचीही काळजी तिनेच घ्यायची? उपाय चांगला आहे, पण घास गिळवत नाही.

---

जुना_वजनकाटा
२२ नोव्हेंबर, सकाळी ११:५२

मलाही गिळवत नाही. पण काउंटरवर उद्या त्या बसणार आहेत, तुम्ही किंवा मी नाही.

---

काउंटर_सात
१० डिसेंबर २०२३, दुपारी ४:१०

बरेच दिवस लिहिले नाही. आज सुट्टी आहे.

मी दोन वेगळी पत्रे लिहिली. एक कपातीच्या हरकतीचे, वकील साहेबांनी सांगितले तसे, वेळेसह. दुसरे कार्डाच्या व्यवस्थेविषयी, त्यात मॅनेजरांचे नाव नाही. दुसरे पत्र मी आधी सरांच्या हातात दिले. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि म्हणाले, "बघू." मला वाटले, संपले.

पुढच्या मंगळवारी एरिया मॅनेजर आले. ग्राहक सेवा कक्षात आता दुसरे कार्ड आहे. ते हरवू नये म्हणून खिडकीच्या गजाला लाल नाडीने बांधले आहे आणि शेजारी शंभर पानी वही ठेवली आहे. मर्यादा शंभर रुपयांची आहे, दीडशेची नाही. पहिल्या चार दिवसांत ते एकोणीस वेळा वापरले गेले. एकोणीसपैकी सतरा वेळा कारण एकच होते: ऑफर संपली होती आणि पट्टी तशीच होती. ती वही पाहून सरांनी रात्रपाळीच्या मुलांना पट्ट्या काढण्याचे काम नेमून दिले आहे. कल्पना कोणाची होती, याविषयी जुना_वजनकाटा यांनी जे भाकीत केले होते ते अक्षरशः खरे ठरले. एरिया मॅनेजरनी सरांचे कौतुक केले तेव्हा मी तीन फुटांवर सुटे मोजत होते.

सर माझ्याशी कामापुरतेच बोलतात. माझी सुट्टी बुधवारची होती ती रविवार झाली आहे, आणि रविवार हा आमच्याकडे सर्वांत गर्दीचा दिवस असल्यामुळे ही शिक्षा आहे की बक्षीस, हे मला कळत नाही. दुसरी नोकरी शोधणे मी थांबवलेले नाही. भोसरीतील एका औषधांच्या वितरकाकडे बिलिंगची जागा आहे, तेथे मुलाखत देऊन आले.

---

पायरीवरचा
१० डिसेंबर, दुपारी ४:३२

रविवारची सुट्टी! ताई, आमच्या दुकानात ही गोष्ट फक्त मॅनेजरच्या मेहुण्याला मिळते.

---

मोगरा
१० डिसेंबर, सायंकाळी ६:१५

एकोणीस वेळा! म्हणजे आधी दर चार दिवसांत एकोणीस वेळा एखादी मुलगी "सर येतच आहेत" म्हणत होती.

---

श्रमजीवी_वकील
१० डिसेंबर, रात्री ८:४०

कपातीचे काय झाले?

---

काउंटर_सात
१० डिसेंबर, रात्री ९:०५

पैसे कापले गेले. सात तारखेला ठेकेदाराचा माणूस आला तेव्हा मी सही करण्यापूर्वी पगाराची पावती मागितली. त्यावर "इतर कपात ६४०" एवढेच लिहिले आहे. हरकतीचे पत्र त्याला दाखवले तर म्हणाला, की त्याच्यापर्यंत काही आलेले नाही, मग माझ्या प्रतीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. मी सहीच्या शेजारी "कपात अमान्य" असे लिहिले. त्याने रजिस्टर स्वतःकडे ओढले, ते वाचले, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या त्या नवीन मुलीला विचारले, "तुलाही काही लिहायचंय का?" तिने पेन मागितले. तिचेही दोनशे दहा कापले होते, ते तिने मला सांगितलेच नव्हते.